फाटकाबाहेरचा भोंडला

गोऱ्यांचं राज्य गेलं म्हणता, मग माझ्या मैत्रिणीला तिच्या वंशावरून फाटकाबाहेर कोणी उभं केलं?

बाबांची बदली कलकत्त्याला झाली, पण शहरात घर मिळेना. म्हणून सियालदह स्टेशनाहून दक्षिणेला जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरच्या एका खेड्यात आम्ही बिऱ्हाड केलं. माझी मैत्रीण मुंडा आदिवासी होती. इथलं जंगल तोडायला तिच्या आजोबांना छोटा नागपूरहून आणलेलं. त्या जमिनीवर आता गाव भात पिकवत होतं आणि मुंडांना ‘बुनो’ म्हणत होतं. बुनो म्हणजे रानटी.

आश्विनात आईने अंगणात भोंडला मांडला. पाटावर तांदळाचा हत्ती काढला. शेजारच्या बंगाली मुली हौसेने आल्या; खिरापत ओळखायचा खेळ त्यांना फार आवडे. मी मैत्रिणीला फेरात ओढलं, तशा शेजारच्या बंगाली मावशी, मासीमा, ओट्यावरून म्हणाल्या, “दीदी, ही बुनो मेये? ही रानटी पोर? हिचा हात आमच्या मुली धरणार नाहीत.”

आई गडबडली. माझ्या मैत्रिणीला म्हणाली, “बाळ, तू फाटकाबाहेर थांब हं. खिरापत तिथेच आणून देते.”

आवाज किती गोड! मैत्रीण मुकाट्याने गेली. तिला सवय होती, आणि त्याचाच मला संताप आला.

“मासीमा, मी तर तिच्याहून काळी आहे.”

“तू काळी असलीस तरी भद्र घरची गं. तिचं रक्तच निराळं.”

“तिचं रक्त कुठे पाहिलंत तुम्ही?”

“बघा, बघा हिची जीभ!”

मी पाट उचलला. तांदूळ सांडले, हत्तीची सोंड गेली. पाट रस्त्यावर ठेवून मी मैत्रिणीचे दोन्ही हात धरले. दोघींचा कसला आलाय फेर! पण आम्ही फिरलो. गाणं मला एकटीलाच येत होतं, ते मी ओरडून म्हटलं.

“आत ये,” आई फाटकातून म्हणाली.

“दोघी येऊ. नाहीतर इथेच.”

मासीमांनी मुलींना हाका मारल्या. आई खिरापतीचा डबा पोटाशी धरून उभी होती. एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा आमच्याकडे. मग तिने फाटक सताड उघडलं. “या गं दोघी.”

अंगण रिकामं झालं. पुढे कितीतरी दिवस गावच्या तळ्यावर आईशी कुणी बोललं नाही. त्या संध्याकाळी मात्र आम्ही तिघींनी फेर धरला.

भगिनींनो, यंदा भोंडला मांडाल तेव्हा तुमची आळी जिला शिवत नाही, त्या मुलीला आधी बोलवा. सगळ्यांदेखत तिचा हात स्वतः धरा. उठून जातील त्यांना जाऊ द्या.