ताईच्या ओट्यापाशी उन्हाळा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहेत. दिवसभर लोकरी टोपी घालून बटाट्याच्या पोत्यांमध्ये बसायचं आणि घरी येऊन ऋतुचर्येवर अक्कल पाजळायची, हा यांचा उद्योग. आयुर्वेदाचं एक पुस्तक काय वाचलं, स्वतःला वैद्यराजच समजायला लागले.

कॅलेंडरवर उन्हाळा लागला की यांचं गरम खाणं बंद. थंडगार सरबत ढोसून हा माणूस त्या बर्फाच्या गुहेत जातो आणि शिंकत परत येतो. वर तारे तोडतो, "शरीरातली उष्णता बाहेर पडतेय!" हिवाळ्यात अंगाला तेल लावावं, भरपूर व्यायाम करावा, असं पुस्तक सांगतं. यांनी त्यातलं तेल तेवढं उचललं, तेही ताईकडून चोळून घ्यायला. ती दुपारी जरा लवंडली की लगेच सुरू, "दिवसा झोप फक्त उन्हाळ्यात चालते. एरवी कफ वाढतो!"

गेल्या रविवारी मी तिथेच होतो. ऐन हिवाळ्यात यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करून ताई घामाघूम झाली होती. जेवणं उरकल्यावर ती भांडी तशीच टाकून आडवी झाली. दाजींनी तोंड उघडलं.

"जसा ऋतू तसं वागावं ना?" ताई डोळे मिटूनच म्हणाली. "माझ्या ओट्यापाशी बारा महिने उन्हाळा, तुमच्या कामावर बारा महिने हिवाळा. मी झोपते. तुम्ही व्यायाम करा. भांडी सिंकमध्ये आहेत."