परसातला बिघाड

छापखान्यात तीस वर्षं धडधडत्या मशीनशेजारी उभं राहून मशीनमनकाकांचे कान कामातून गेले, पण ऐट काही गेली नाही. "बिघाड कुठलाही असो, मी शोधणारच," ही टिमकी निवृत्तीनंतरही वाजतच होती. कानाला यंत्र म्हटलं की नुसता फणकारा! शेवटी लेकीने ओढतच नेऊन बसवलं. पटलं नाही तर आठ दिवसांत परत, अशी बोली झाली.

दुसऱ्याच दिवशी स्वारी दुकानात. "शिट्टी मारतंय हे!"

दुकानातल्या बाईंनी यंत्र उलटंसुलटं तपासलं. "काका, ठणठणीत आहे."

"मग मी काय खोटं बोलतोय?"

घरी येऊन त्यांनी छापखान्याच्या शिरस्त्याने बिघाडाची वही उघडली. 'सकाळी साडेसहा, शिट्टी. खोलीत बारीक, परसात मोठी. दुपारी बंद. संध्याकाळी परत सुरू.' शिट्टी वाजली की यंत्र काढून खिशात. सातव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "उद्या परत करतो."

काकू मान हलवून आत गेल्या. गेली कित्येक वर्षं त्या नवऱ्याशी फक्त ओरडण्याजोगंच बोलत आल्या होत्या. जेवायला चला, दार लावा, दूध उतू जातंय. यंत्र आलं तेव्हा बिचारीला वाटलं होतं, आता जरा बोलता येईल. कसलं काय!

आठव्या दिवशी सकाळी काका परसाच्या पायरीवर चहा घेऊन बसले. थंडी ओसरत आली होती, ऊन मऊ होतं. कुंपणाच्या भिंतीवर शेपटी ताठ करून त्यांचा जुना दोस्त बसला होता, काळापांढरा पक्षी. सारखी चोच वासतो आणि आवाज काही नाही, म्हणून काकांनी त्याचं नाव जांभईराव ठेवलं होतं.

जांभईरावांनी चोच वासली. यंत्राने शिट्टी मारली. चोच मिटली. शिट्टी बंद!

काकांनी यंत्र काढलं. चोच उघडी, आवाज नाही. परत घातलं. शिट्टी! आणि शिट्टी तरी कसली, चांगली लांब, गोड तान!

"अगं ए, लवकर ये! हा गातो!"

काकू ओल्या हातानेच धावत आल्या. "इश्श, दयाळ आहे तो. थंडी सरायला लागली की दरवर्षी गातो."

"दरवर्षी? मग मला कधी सांगितलं नाहीस ते?"

काकू पुटपुटल्या, "पाखरू गातंय, हे काय ओरडून सांगायचं असतं?"

ते पुटपुटणं काकांना शब्दन् शब्द ऐकू आलं. ते सरकून बसले आणि पायरीवर तिला जागा करून दिली.

"बस. एवढ्या वर्षांचं राहिलेलं सगळं सांग. हळूच सांग."

काकू बसल्या. डोळे पुसले, मग गालातल्या गालात हसल्या.

"पहिलं म्हणजे," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही घोरता."