एक पावसाळा घरात

शेजारच्या प्लॉटवरची इमारत वर चढायच्या आधी कित्येक दिवस नुसती जमिनीवर होती. पांढऱ्या फक्कीच्या रेघांची. आमच्या गॅलरीतून खाली पाहिलं की हा हॉल, हे स्वयंपाकघर, ही न्हाणी, असं सगळं दिसायचं. भिंती नाहीत, छप्पर नाही, मधूनच एखादा बगळा स्वयंपाकघरातून चालत हॉलमध्ये यायचा. बोरिवलीला पश्चिमेकडे तेव्हा शेतंच जास्त होती. सत्तर-एकाहत्तर साल असेल. आमच्या गच्चीवरून गोराईच्या खाडीचं पाणी चमकताना दिसायचं.

त्या रेघांच्या घरात शांताबाई हिंडायची. राहायची ती प्लॉटच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोपटात. पण संध्याकाळी काम सुटलं, हातपाय धुऊन झाले, की ती त्या घरात जायची. रेघ ओलांडून कधी नाही. दारासाठी जिथे जागा मोकळी सोडली होती तिथूनच. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर वळसा घालून, बरोबर दारातून.

एकदा मी वरून विचारलं, "शांताबाई, रेघच आहे की, सरळ ये ना!"

तिनं वर पाहिलं. "भितीतनं कसं यायचं वहिनी? लागंल न्हवं!"

अशी आमची ओळख झाली.

ती साताऱ्याकडची, माणदेशातली. चाळिशीची, उंच, सावळी, चालताना मान जराही न हलवणारी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गावी भाऊ-भावजय. नऊ वर्षांपूर्वी गावच्या चार बायकांबरोबर मुंबईला आली आणि बिगारीकाम करू लागली. मरोळला कारखान्यांच्या शेड उठत होत्या तेव्हा ती तिथे होती, मग घाटकोपर, मग मुलुंड. वर्षं ती सनावर मोजत नसे. "मुलुंडच्या दुसऱ्या स्लॅबाला माझा दात पडला," असं तिचं कॅलेंडर.

घमेली वाहायची ती सगळ्यांसारखीच, पण तिचं खास काम पाणी मारायचं. नवा स्लॅब, नवी भिंत सतत ओली ठेवावी लागते, नाही तर तडे जातात. हातात रबरी नळी धरून ती तासन्‌तास उभी असायची. "शिमिट तान्ह्या लेकरावानी असतंय," ती सांगायची. "पर लेकरू तहान लागली तर रडतंय. हे रडत न्हाई, तडकतंय."

तिच्याकडून मला एक वेगळंच पंचांग कळलं. दसरा झाला की घाटावरून माणसं उतरतात. मार्गशीर्षात वझिऱ्याच्या नाक्यावर सकाळी इतके बिगारी उभे असतात की दुधाच्या सायकलीला वाट मिळत नाही. होळीला थोडे जातात, ते परत येतात. अक्षय्य तृतीया झाली की मात्र नाका रोज थोडा थोडा विरघळत जातो. नांगरट, शेणखत, पेरणी. आणि नेमकं तेव्हाच पावसाच्या आत कामं आटपायची म्हणून मालकांची घाई उठते. माणूस जास्त तेव्हा काम कमी, काम जास्त तेव्हा माणूस नाही.

"म्हैना कुठला ते मुकादमाच्या तोंडावरनं कळतंय बगा," ती म्हणायची. त्या कामावरचे मुकादम कुंडलिकराव. पौषात ते ओरडत, "ए बाई, हल की! तुझ्यासारख्या छप्पन उभ्यात नाक्यावर!" फाल्गुनात नुसतंच "ए बाई." आणि वैशाखात मी स्वतः गॅलरीतून ऐकलंय, "शांताबाई, चहा घेतलास का गं?"

शांताबाई पदर तोंडाला लावून हसली होती. "आला बगा वैशाख."

पण तिला स्वतःला पेरायला काही नव्हतं. पावसात काम बंद झालं, खोपटं मोडली, की तीही गावी जायची. भावाच्या ओसरीवर चार महिने. भावजय वाईट नव्हती, पण ओसरी ती ओसरी. झड आली की अंथरूण गुंडाळून भिंतीला टेकून बसायचं. एकदा गव्हाचं दळण घेऊन परतताना ती आमच्या जिन्यावर टेकली आणि सहज बोलल्यासारखं बोलली, "इतक्या घरांवर छप्पर घातलं म्या. पर पाऊस पडताना कुठल्याच घराच्या आत न्हवते. एक पावसाळा आत बसून ऐकायचाय मला. भायेर पडतोय आन मी आत. बास."

मी आमच्या खिडकीकडे पाहिलं. त्या खिडकीतून पाऊस ऐकण्यात काही विशेष असतं हे तोवर मला सुचलंच नव्हतं.

फाल्गुनात रेघांवर विटांच्या भिंती चढल्या. चैत्रात सिमेंटच मिळेना. परमिट, अर्ज, आज येतं उद्या येतं. आलं तेव्हा मे महिना संपत आला होता आणि नाक्यावर कावळे बसत होते. खोल्यांमध्ये बल्ल्यांचं रान उभं होतं, वर फळ्या, फळ्यांवर सळ्या. सगळं तयार, फक्त माणूस नाही. स्लॅब एकदा भरायला घेतला की मध्ये थांबवता येत नाही. आज अर्धा, उद्या अर्धा केला तर त्या सांध्यातून जन्मभर पाणी गळतं. तीसेक माणूस एकाच दिवशी हवं. कुंडलिकरावांकडे अकरा उरले होते.

त्यांनी शांताबाईला सरळ सांगितलं. स्लॅब पडला तर आतल्या लाकडाची, सळ्यांची राखण करायला पावसाळाभर कुणी तरी लागेलच; तू राहा, पुढची खोली तुझी. नाही पडला तर काम बंद, खोपट मोडायचं, दसऱ्याला ये.

त्या संध्याकाळी ती पुढच्या खोलीत बल्ल्यांच्या मध्ये उभी होती आणि वरच्या फळ्यांकडे बघत होती. फटींतून आभाळाच्या बारीक पट्ट्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुरा आली. मथुरा गोराईची कोळीण, खाडी ओलांडून आमच्या बाजूला मासळी घेऊन यायची. मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, त्यामुळे पाटीत सुकट आणि बोंबील. शांताबाई आमच्या नळावर पाणी भरत होती. मथुरा दोन जिने चढून आली, डोक्यावर पाटी, काखेत छत्री, दोन्ही हातांनी पानाला चुना लावतेय. पाटीला हात नाही. शांताबाईचा हंडा भरून वाहू लागला तरी ती बघतच राहिली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "हे डोस्कं स्लॅबाचं हाय."

"काय बोलते गो ती?" मथुरानं विचारलं.

मी सांगितलं. मथुरानं पाटी उतरवली आणि कमरेवर हात ठेवला. "मी कोलीन हाय. आमी मासली इकतो, दगर नाय वाहत."

"दगड न्हाई, माल," शांताबाई म्हणाली. "आन पाटीपरीस हलकं असतंय घमेलं. तुला झेपंल का न्हाई, ते मातुर..."

"मना? मना झेपंल का विचारते ही!" मथुरा माझ्याकडे वळली. "बाई, हिला सांगा, बरफाची पाटी घेऊन मी भरतीला होरीत चरते!"

"मग एकच दिस ये की. होड्या तर झाकून ठिवल्यात."

"आनि तुला काय एवरी घाई?"

शांताबाईनं मान खाली घातली. मग सांगितलं, पुढच्या खोलीचं, आत बसून पाऊस ऐकायचं. मला वाटलं मथुरा आता चिडवणार. तिनं चिडवलंच. "आगं, पाऊस ऐकायला स्लॅब कशाला? माज्या घरी ये, वर पाऊस, खाली दर्या, मधी माज्या नवऱ्याचं घोरनं. सगलं ऐकवते!" पण हसता हसता तिनं पान तोंडात टाकलं, जरा वेळ चघळलं. "कवा?"

"परवा."

"किती जनी?"

"वीस."

"चौदा मिलतील. दुपारचं जेवन पायजे. रोज हातात पायजे. आनि तुज्या त्या मुकादमाला सांग, आमाला 'ए बाई' नाय बोलायचं. नाव घ्यायचं."

मृगाला चार दिवस उरले होते. चौदा कोळणी सकाळच्या पहिल्या होडीनं आल्या, कासोटे घट्ट, अंबाड्यात अबोलीचे गजरे, सगळ्या एकाच वेळी बोलत. प्लॉटवर जणू बाजार उतरला. कुंडलिकराव नावं पाठ करत फिरत होते. "मथुराबाई, पुतळाबाई, मंजुळाबाई, तुम्ही... तुम्ही कोण?" "मी पन मंजुलाच." "देवा!" नारळ फुटला, मिक्सर घरघरला.

परांचीच्या पायऱ्यांवर बायकांची ओळ लागली. रीत अशी, की भरलेलं घमेलं हातोहात वर जातं आणि रिकामं हातोहात खाली येतं. कुणी जागा सोडायची नाही. पहिली दहा-बारा घमेली वर गेली. आणि ओळ तुटली. मथुरा रिकामं घमेलं घेऊन स्वतःच खाली चालत निघाली होती. तिच्यामागून पुतळाबाई. तिच्यामागून दोन्ही मंजुळा.

"अहो, कुठं चालला? खाली द्या, खालच्या बाईच्या हातात द्या!" कुंडलिकराव किंचाळले.

"नाय देनार."

"का?"

"रिकामी पाटी बाईमानसाच्या हातात नाय द्यायची. माज्या सासूनं सांगलेलं हाय. रिकामी दिली तर तिच्या घरात रिकामं होते."

"अहो हे घमेलं आहे, पाटी नाही!"

"तुमच्यासाठी."

मिक्सर फिरत होता, माल खाली पडत होता, आणि त्या मालाला थांबणं माहीत नाही. वर गवंडी थापी घेऊन उभा. पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, आभाळ जांभळं होत होतं. कुंडलिकरावांनी डोक्याला हात लावला. शांताबाई ओळीच्या अगदी खाली होती. तिनं मथुराच्या हातातल्या घमेल्याकडे पाहिलं, वाकली, खडीच्या ढिगातून एक खडा उचलला आणि त्यात टाकला. टण्‌ वाजलं.

"न्हाई आता रिकामं," ती म्हणाली.

मथुरानं घमेल्यात पाहिलं. खड्याकडे पाहिलं. मग शांताबाईकडे. आणि असं हसली की तिचा गजरा सुटला. "शानी हायेस गो तू!"

मग दिवसभर तसंच चाललं. भरलेलं घमेलं वर जायचं, आणि एक खडा टणटणत खाली यायचा. पंचवीस माणसं, आणि प्रत्येक घमेल्यात एकेक खडा. खाली माल भरताना शांताबाई खडा काढून मालावर ठेवायची; वर ओतायच्या आधी गवंड्याच्या हाताखालची बाई तो उचलून घ्यायची, रिकामं झालं की परत टाकायची. एरवी या कामाला नुसता आरडाओरडा असतो. त्या दिवशी मात्र एक लांबलचक, बारीक नाद होता, वरून खाली येणारा, जसं कुणी देवळाच्या पायऱ्या चाळ वाजवत उतरतंय. मी लिंबाचं सरबत घेऊन खाली गेले आणि ते द्यायचं विसरून तिथेच उभी राहिले. दुपारनंतर दोन्ही मंजुळांनी गाणं धरलं. माणदेशच्या बायकांना शब्द कळेनात, पण हात त्याच तालावर चालू लागले. जांभळं आभाळ तसंच थांबून राहिलं, ऐकत असल्यासारखं.

दिवेलागणीच्या आधी शेवटचं घमेलं वर गेलं. मथुरानं जाताना शांताबाईच्या ओच्यात मूठभर सुकट बांधली. "आता ऐक पोटभर," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून शांताबाई स्लॅबला पाणी पाजत होती. चार दिवस तिनं पाजलं. पाचव्या दिवशी तिच्या हातातली नळी आभाळानं काढून घेतली. कुंडलिकराव गावी गेले, खोपट मोडलं, आणि शांताबाई आपली पत्र्याची पेटी घेऊन पुढच्या खोलीत गेली. दारातूनच.

दोन दिवस झड थांबली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी छत्री घेऊन, किटलीत चहा घेऊन गेले. मला वाटलं होतं, बल्ल्यांच्या त्या रानात ती डोळे मिटून पडलेली असेल. ती उंबऱ्याच्या जागी गुडघे जवळ घेऊन बसली होती, चेहरा उतरलेला.

"काय झालं शांताबाई? गळतंय का?"

"न्हाई वो. थेंब न्हाई गळत."

"मग?"

ती लाजल्यासारखी म्हणाली, "ऐकूच येत न्हाई."

मी आत जाऊन उभी राहिले. खरंच. बाहेर धो धो चाललेलं दिसत होतं, आणि डोक्यावर काही नाही. शांत. पत्र्यावर, कौलावर, झावळ्यांवर पाऊस बोलतो. सहा इंच सिमेंटवर तो पडतो आणि तिथेच राहतो.

"नऊ वरसं म्या छपरं घातली," शांताबाई म्हणाली, "आन मलाच ठावं न्हाई, शिमिटाखाली पाऊस मुका होतोय." आणि तिला हसू फुटलं. मलाही. आम्ही दोघी त्या कोरड्या, मुक्या खोलीत हसत बसलो, चहा सांडेपर्यंत.

मग ती उठली. कोपऱ्यातलं एक घमेलं घेतलं आणि दाराबाहेर, स्लॅबच्या कडेवरून जिथे धार ठिबकत होती तिथे नेऊन ठेवलं.

टण्‌. टण्‌. टणटण.

ती मागे आली, भिंतीला पाठ लावली, पाय लांब सोडले आणि डोळे मिटले. "हां," म्हणाली. "आला आता."

घमेलं भरत गेलं तसा आवाज बदलत गेला. आधी कोवळा, मग जाड, मग पाण्यात पाणी पडल्याचा, मग काहीच नाही. मी उठले, छत्री न उघडताच बाहेर हात घातला आणि घमेलं उचललं.

"वहिनी," मागून ती म्हणाली, डोळे मिटलेलेच. "पाणी समदं वता. खडा तेवढा ऱ्हाऊ द्या. मथुरा रागवंल."

मी पाणी ओतलं. तळाला खडा होताच. घरंगळला आणि वाजला. मी घमेलं परत धारेखाली ठेवलं.