डोंगराच्या पदरावर कनीजचाची

पिंपरी कॅम्पातल्या एका बोळात, बांगड्यांचं दुकान आणि मोबाइलच्या काचा बदलून देणारा यांच्या मधोमध, कनीज आत्तारचं शिलाई मशीन असतं. बॅगा, बसकुरं, टेम्पोची ताडपत्री, जे म्हणाल ते ती शिवते. तीस वर्षं त्याच जागी बसून शिवतेय. वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत ती जिन्यापलीकडे काही चढली नव्हती.

सुजित चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. रविवारी सुट्टी मिळाली की हा आणि त्याचे चार-पाच मित्र डोंगरात. त्यांच्या पाठीवरच्या सॅक उसवल्या की तो त्या कनीजकडे आणायचा. एकदा एकदम तीन आणल्या. कनीजने त्या मशीनवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तिन्ही एकाच जागी फाटल्यात रे. वरचा पट्टा जोडलाय तिथंच. या शिवणारानं कधी डोंगर चढलाय का न्हाई?"

सुजितबरोबर वर्षाली आली होती. दवाखान्यात नर्स होती, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "चाची, तुम्ही तरी कुठं चढलाय?"

कनीजचा हात थांबला. मग तीच आधी हसली. "न्हाई चढले. कधी जाताय पुढच्या खेपेला?"

घरी तिने ही गोष्ट काढली तेव्हा तिचा नवरा बरकत हात पुसत होता. त्याचं कासारवाडीला दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. "घुटने देखे क्या अपने?" तो म्हणाला. पण बायको एकदा बोलली की मागे हटत नाही हे त्याला पस्तीस वर्षांत पुरतं कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानेच तिला स्कूटरवरून निगडीच्या दुर्गा टेकडीवर नेऊन सोडलं. "नवीन गाडी पहिल्याच दिवशी पळवायची नसते," एवढंच म्हणाला, आणि खाली चहा पीत बसला. महिनाभर असं चाललं. सुनेचे, रुबीनाचे बूट तिला नेमके बसले.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सगळे लोकलने मळवलीला उतरले. विसापूर किल्ला गाठायचा होता. शेतं संपली, झाडी लागली, आणि चढ सुरू झाला. कनीज शेवटून दुसरी. शेवटी निरंजन, शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, मुद्दाम मागे राहिलेले. तासाभराने अंगावर येणारा चढ संपून सपाट वाट आली तशी ती मटकन खाली बसली.

"हा पदर," निरंजन म्हणाले. "आता थोडं सोपं."

"डोंगराला पदर असतो?"

"असतो तर. सोंड असते, नाळ असते, माची असते. पण पदर सगळ्यांना आवडतो. इथं दम खाता येतो."

कनीजला ते इतकं आवडलं की तिने दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. पण पुढे घळ लागली. मोठमोठे धोंडे, मधूनच तुटलेल्या पायऱ्या, दोन्ही अंगांना उभा काळा कातळ. दहा-बारा पायऱ्या चढून तिने खाली पाहिलं आणि कातळाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वर जाईना, खाली येईना. वर्षालीने हाताला धरून तिला पुन्हा पदरावर आणून बसवलं.

"तुम्ही जा," कनीज म्हणाली. आवाज नेहमीसारखा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला. "मी हितंच बसते."

निरंजन तिच्याजवळ थांबले. तिला बरं वाटावं म्हणून की काय, ते समोरचा डोंगर दाखवू लागले. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा, तिसरा. म्हणून तर डोंगराच्या अंगावर असे आडवे पट्टे.

"वाकळीसारखं," कनीज म्हणाली. "एकावर एक लुगडी. मग शिवण कुठाय?"

मास्तर जरा चक्रावले. मग त्यांनी दोन थरांच्या मधली तांबड्या मातीची बारीक रेघ दाखवली. "ही धरा. एक थर थंड झाल्यावर वरची माती तयार झाली, तिच्यावर पुढचा रस आला आणि ती भाजून लाल झाली."

कनीज बराच वेळ ती रेघ बघत राहिली. मग तिचं लक्ष घळीतून वर जाणाऱ्या दुसऱ्याच एका टोळीकडे गेलं. माणूस उंच पायरीवर पाय टाकताना पुढे वाकतो, सॅक मागे ओढते, आणि सगळा भार वरच्या पट्ट्याच्या दोन बोटं जागेवर येतो. ती ताडकन उठली. "अस्सं हाय व्हय! मास्तर, कागद हाय का?"

चढ राहिला, पण ती घरी परतली ती लग्नघरातून आल्यासारखी. बरकत म्हणाला, "वर गेलीस का?"

"न्हाई. पण समजलं."

महिनाभर मशीन चाललं. टेम्पोच्या ताडपत्रीचं जाड कापड, पट्टा खाली पाठीपर्यंत आडवा फिरवून शिवलेला, टाके दुहेरी. सॅक दिसायला बोजड झाली. सुजितने ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली, मग दाराच्या कडीला अडकवून स्वतः लोंबकळला. कडी निघाली, पट्टा नाही.

जानेवारीत पुन्हा तोच डोंगर. या वेळी घळीत तिने खाली पाहिलंच नाही. समोरची पायरी, मग पुढची पायरी. मध्ये एकदा थांबली, कातळाला गाल टेकवला, दगड गार होता आणि त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं होती. "चाची, ठीक?" सुजितने वरून विचारलं. "गप चल," ती म्हणाली. आणि वर पोचली. पठारावर पिवळं गवत वाऱ्याने लवत होतं, खाली पवना धरणाचं पाणी चकाकत होतं. कनीज रडली, मग भाकरी-ठेचा खाल्ला, मग सगळ्या तटावरून पोरीसारखी फिरली.

उतरताना घळीत वर्षालीचा पाय दोन धोंड्यांमध्ये मुरगळला. सगळ्यांची मलमपट्टी करणारी तीच, आता स्वतःचा घोटा धरून बसलेली. "हाड मोडलं असेल," ती दात आवळून म्हणाली. पाय टेकवेना. गावातून माणसं बोलवायची तर तीन तास, आणि ऊन कलायला लागलेलं. सुजित तिला पाठुंगळी घेऊन चार पायऱ्या उतरला, पण हात अडकल्यामुळे त्याचा तोल जात होता.

"उतरव तिला," कनीज म्हणाली.

तिने आपली नवी सॅक रिकामी केली. दाभण आणि मेणाचा दोरा तिच्या ओच्यात कायम असतो. सॅकच्या बुडाचे दोन कोपरे तिने सुजितच्या चाकूने कापले.

"चाची, नवी होती ती!" वर्षाली ओरडली.

"तू गप बस. पाय घाल."

दोन्ही भोकांतून वर्षालीचे पाय बाहेर आले. कापलेल्या कडा फाटत जाऊ नयेत म्हणून कनीजने त्या दुमडून तिथल्या तिथे शिवल्या, छातीशी एक पट्टा घातला. लहान मूल झोळीत बसतं तशी वर्षाली सॅकमध्ये बसली आणि सॅक सुजितच्या पाठीवर चढली. त्याचे दोन्ही हात मोकळे.

"राव, तू काय खातेस गं?" सुजित पहिल्याच पायरीला म्हणाला.

"तुझी बडबड ऐकून वजन वाढलंय."

हसत, शिव्या देत, आळीपाळीने पाठ बदलत ते उतरले. कनीज प्रत्येक उतारावर मागून पट्ट्यावर नजर ठेवून होती. एकही टाका सुटला नाही. दिवेलागणीआधी ते गावात पोचले. हाडाला बारीक चीर निघाली, तीन आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघालं तेव्हा वर्षाली स्वतः चालत बोळात आली. येताना डोंगरात जाणाऱ्या आणखी दोन टोळ्यांची माणसं घेऊन आली. बुडाला आधीच दोन चेन असलेली सॅक त्यांना हवी होती, चेन उघडली की माणूस बसेल अशी. कनीजने आजवर अशा अकरा शिवल्यात. त्यातली एक लोणावळ्याकडच्या पोरांनी खरोखर वापरली आणि जखमी माणसाचा हसरा फोटो तिला पाठवला.

आता महिन्यातून एक रविवार मशीनवर कापड झाकलेलं असतं. तिकोन्याच्या छातीएवढ्या पायऱ्या तिने चढल्या, तुंगच्या टोकावर वाऱ्यात उभी राहिली. मागच्या महिन्यात बरकतला घेऊन ती घोराडेश्वरच्या डोंगरावर गेली. अर्ध्या वाटेत तो कमरेवर हात ठेवून थांबला, घामाने डबडबलेला.

"अजून किती?"

"पदर येईल आता," कनीज म्हणाली आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेऊन पुढे निघाली.