कंप्युटरची भाकणूक

कराडच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन मला वर्ष झालं होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं, पण रुजू व्हायची तारीख तीनदा पुढे गेली होती. दर वेळी ऑनलाइन मीटिंग व्हायची. एचआरच्या मॅडम आलेख दाखवायच्या. रेघ खाली घसरलेली आणि तिथून वर चढत जाणारे ठिपके. पुढच्या क्वार्टरला मार्केट सावरेल, म्हणायच्या. क्वार्टर संपलं की तेच ठिपके थोडे उजवीकडे सरकलेले असायचे.

मग लोणंदच्या एका कारखान्यात जागा मिळत होती. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. वडील म्हणाले, "जत्रा हुंदे. भाकणूक ऐकू, मग ठरवू."

आमचं गाव सांगलीच्या पूर्वेला. बिरोबाच्या जत्रेत माझे थोरले चुलते भाकणूक सांगतात, म्हणजे येत्या वर्षाचं भविष्य. पाऊस, रोगराई, मेंढरांचे भाव. यंदा कपाळभर भंडारा लावून ते म्हणाले, "कंप्युटरचा बाजार दिवाळीनंतर उटंल. कुटं उटंल, कुटं न्हाई." मला चौघांनी बोलावून चहा पाजला.

गुरुवारी मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, तुमच्या भागात काय वातावरण आहे? मला खोटं बोलवेना. "दिवाळीनंतर सुधारेल, असं आमच्याकडे म्हणतात," मी म्हणालो. त्यांनी लगेच सगळ्यांना सांगितलं, ग्रामीण भागातूनही चांगले संकेत येत आहेत.

शुक्रवारी मी चुलत्यांकडे गेलो. ते मेंढीचे खूर कापत बसले होते.

"आवं नाना, दिवाळीनंतर कशावरनं?"

"तुझ्या बानं सांगितलं. तुझी मॅडम म्हणलीया म्हनं."

"मग देवानं काय सांगितलं?"

"देव पावसाचं सांगतो. कंप्युटरचं त्याला काय ठावं? बाई शिकलेली हाय, म्हनून तिचं घेतलं." मग ते थांबले. "का रं, तिला बी म्हाईत न्हाई?"

"न्हाई वाटत."

"मग मला भर जत्रंत कशाला बोलाय लावलं गड्या?"

ते खरंच रागावले होते. मी घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं.

"आन दिवाळीनंतर उटला तर?"

"तवा बघू."

त्यांच्यासमोरच लोणंदला फोन लावला. कधी येताय, तिकडून विचारलं. सोमवारी, मी म्हणालो. फोन ठेवल्यावर वडिलांनी दोनदा विचारून घेतलं, ह्योच सोमवार का.