घाटगे सरांचा भाडेकरू

दुपारचा आमटीभात पोटात गेलाय, पेपर छातीवर पडलाय आणि अच्युतचा डोळा लागतोय, न लागतोय. तेवढ्यात पायाशी कुणीतरी बसतं. गादी खचते.

"पाय सरक की रं. अख्खी कॉट व्यापलीस," सयाजी म्हणतो.

सयाजी घाटगे, मिरजेत तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेले सर, जाऊन अडीच महिने झाले. अच्युत पोस्टातून रिटायर झालेला. दोघं तेवीस वर्षं एका घरात, एका ताटात, आणि आता सांगायला कसली लाज, एका अंथरुणात राहिले. गल्लीला मात्र अच्युत म्हणजे घाटगे सरांचा भाडेकरू. असल्यांचं लग्न कायद्यात बसत नाही, भाडेकरू बसतो.

"सया, आलास?" अच्युतला रडूच फुटतं.

"रडू नकोस. चल, तास आहे."

अच्युत कॉटवरून पाय खाली सोडतो, तर खाली प्रयोगशाळेची गार फरशी. पांढरे कोट घातलेली पोरं-पोरी उभी आहेत. मधलं टेबल रिकामं.

"हे माझं," सयाजी टेबलावर थाप मारतो. "जन्मभर बेडकं फाडली. म्हटलं होतं, मेल्यावर पोरांनी मला फाडावं, चार गोष्टी शिकाव्या. देहदानाचा अर्ज तुझ्यासमोर भरला. मग मी इथं का नाही, अच्या?"

"संभाजीनं नेलं तुला."

संभाजी म्हणजे सयाजीचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षांत घराचा उंबरा चढला नाही, मेल्यावर तासाभरात हजर!

"नेलं. अन् तू काय केलंस?"

टेबलाच्या जागी आता हॉस्पिटलची खिडकी आहे. आतला कारकून मान वर न करता विचारतो, "देहदानाला नातेवाईकाची संमती लागते. तुम्ही पेशंटचे कोण?"

त्या दिवशीही त्यानं हेच विचारलं होतं, आणि अच्युतच्या तोंडून तेवीस वर्षांची सवय बोलून गेली होती. खरं सांगितलं असतं तरी सही संभाजीचीच चालली असती, हे अच्युतला पक्कं ठाऊक आहे. पण निदान सांगायला तरी हवं होतं. अडीच महिने तेवढंच त्याला खातंय.

"सांग आता," सयाजी कानाशी म्हणतो. "मी ऐकतोय."

अच्युत सगळा जीव एकवटतो. छाती भरून श्वास घेतो.

"भाडेकरू," त्याचं तोंड म्हणतं.

पोरं खिदळतात. सयाजीही हसतो, नापास पोराला हसायचा तसाच.

"अरे मेल्या, स्वप्नात तरी! इथं कोण बघतंय तुला?"

"माफ कर, सया."

"मंत्र म्हणत जाळलं मला. जन्मात कधी देवापुढं हात जोडला नाही, अन् तोंडात गंगाजल! तू स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा होतास, शेजाऱ्यासारखा. कसली माफी मागतोस?"

आता दोघं घरच्या स्वयंपाकघरात आहेत. सयाजी ओट्याखालच्या खणातून जाड दोरा काढतो आणि जमिनीवर मांडी घालून बसतो.

"पाय पुढं कर. अर्ज तूही भरलायस ना? तुझ्या वेळी विचारतील, याचं कोण आहे? काय सांगायचं?"

"तू आहेस की."

"मी मेलोय, लेका. माझा निदान संभाजी होता. तुला तर तोही नाही."

तो दोरा करकचून आवळतो.

"सया, दुखतंय."

"दुखू दे. पुढं दुखायचं नाही."

अच्युत दचकून उठतो. चार वाजलेत. बाहेर भंगारवाला ओरडत चाललाय. उजव्या पायाचा अंगठा बधिर झालाय. तो चादर बाजूला करतो. अंगठ्याला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे, मुडद्याला बांधतात तसली. अक्षर सयाजीचं, फळ्यावरचं, गोल गोल.

नाव: अच्युत शेणोलीकर. वय: सदुसष्ट. नातेवाईक: लागू नाही.