प्रमोदचा बैलबाजार

‘तात्या कधी गेले?’ मी फोनवर हेच विचारलं. घोडेगावहून मावशीच्या शेजारचा भानुदास बोलत होता. ‘ताई, असाल तशा निघा,’ एवढंच तो म्हणाला होता आणि आम्ही सगळे ज्या फोनच्या धास्तीत होतो तो हाच, असं मी धरून चालले. तात्या म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तात्यांना अर्धांगवायूचा एक झटका येऊन गेलेला, उजवा हात लुळा पडलेला, आणि दुसरा झटका कधीही येईल असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. भानुदास म्हणाला, ‘तात्या हायेत, ताई. प्रमोद गेला.’

मी श्रीरामपूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. समोर पोरांचं प्रॅक्टिकल चाललं होतं. एकाने हात वर करून काहीतरी विचारलं, मी त्याला उत्तरही दिलं, काय दिलं ते मला आजही आठवत नाही... प्रमोद माझा मावसभाऊ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होता. गळीत हंगाम जोरात, काट्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरची रांग, आणि हा खुर्चीतच कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीही गाठली नव्हती. तात्यांच्या मागे बिनलग्नाच्या प्रमोदला कोण, याची आम्ही काळजी करायचो. प्रमोदच्या मागे तात्या, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या दिवशी तात्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. डाव्या हाताने लुळा हात मांडीवर धरून. मला बघून म्हणाले, ‘आलीस का. च्या घे.’ चहा करायला घरात कोणी नव्हतं.

तात्या घोडेगावच्या बैलबाजारातले दलाल. त्या बाजारात जनावराचा भाव कोणी तोंडाने बोलत नाही. दलाल समोरच्याचा हात हातात घेतो, वरून उपरणं टाकतो आणि उपरण्याखाली बोटं दाबून सौदा होतो. बघणाऱ्याला दिसतात ते दोन चेहरे आणि हलणारं कापड. लहानपणी आम्ही दोघं बाजारात जायचो तेव्हा प्रमोद बैल बघायचाच नाही, त्या कापडाकडे बघत राहायचा. घरी आला की माझा हात धरून वर टॉवेल टाकायचा आणि इतक्या जोरात बोटं दाबायचा की मी ओरडायचे. तात्या हसायचे, ‘आरं, गिऱ्हाईक पळून जाईल. दमानं दाब.’

हात गेला तसा तात्यांचा बाजार सुटला. बाजाराच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते ओसरीवर बसायचे, आणि रस्त्याने टेम्पोतून जाणारी जनावरं बघायचे. प्रमोदला ते सहन होत नव्हतं. एका रविवारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘ताई, तात्यांसाठी गेम बनवतो. आख्खा बाजार मोबाईलमधी. त्यांनी डाव्या हातानं फिरायचं, लोकांशी बोलायचं, जोडी पारखायची, सौदा करायचा. तू कॉम्प्युटर शिकवतीस, सांग, कशात बनवू?’

आमच्या दोन्ही घरांतली मी पहिली ग्रॅज्युएट. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. पण गेम कशात बनवतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी तसं सरळ सांगितलं. प्रमोद म्हणाला, ‘मंग तुझी डिग्री भिंतीवर ऱ्हाऊ दे. दोघं मिळून हुडकू.’ आणि खरंच आम्ही हुडकत बसलो. कितीतरी रविवार.

त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. एक होतं तयार साच्याचं सॉफ्टवेअर. त्यात झाडं, घरं, रस्ते, चालणारी माणसं सगळं आधीच असतं, आपण फक्त उचलून मांडायचं. दुसरं फुकट होतं, हवं ते करू देणारं, पण उघडलं की समोर कोरा पडदा. माणसाने एक पाऊल टाकावं असं वाटलं तरी ते आपणच लिहायचं. प्रमोदने साहजिकच तयार साचा घेतला. भराभर गाव उभं राहिलं. घरांना परदेशातली धुराडी होती, ती त्याने एकेक करून पुसली. नायकाच्या हातात तलवार होती. ती काढली तर नुसती आवळलेली मूठ दिसायची, म्हणून तिथे दावं दिलं. बैल मात्र त्याने स्वतः काढले, खिलारी, शिंगांना तांबडा रंग लावलेले.

सौद्याची अडचण होती. त्या साच्यात दोन माणसं समोरासमोर आली की लढाईच होते, दोघांची ताकद आकड्यांत दिसते, आणि ती कमी करत जायची. प्रमोदने डोकं लढवलं. ताकदीच्या जागी भाव घातला आणि वाराच्या जागी घासाघीस. मला ते फार आवडलं. गेम जवळजवळ पुरा झाला होता.

तात्यांना दाखवला त्या दिवशी मी तिथेच होते. तात्या डाव्या अंगठ्याने फिरले, एका बैलापाशी थांबले, म्हणाले, ‘ह्याचं वशिंड बेस काढलंय.’ मग दलाल समोर आला.

‘ह्यो आकडा कशाचा रं?’

‘समोरच्याला जोडीचं किती पाहिजे, त्याचा.’

‘आन् त्यो मला दिसतोय?’

‘व्हय.’

‘मंग सौदा कशाचा करू? उपरणं टाक की त्याच्यावर.’

तात्या वाकड्या तोंडाने हसले. आम्हीही हसलो. माझ्यासाठी ती गोष्ट तिथेच संपली होती. पुढच्या रविवारी गेले तर प्रमोद कोऱ्या पडद्यापुढे बसलेला. सगळं पहिल्यापासून.

मी चिडले. म्हटलं, आकडा झाक आणि संपव. तो म्हणाला, झाकून बघितला, पण मग नुसती बटणं उरतात. त्याला आता स्पर्श हवा होता. पडद्यावर उपरणं पसरायचं, तात्यांनी त्यावर अंगठा दाबायचा, आणि समोरच्याचं उत्तर म्हणून फोन त्यांच्या तळहातात थरथरायचा, जितकी बोटं तितक्या वेळा. तयार साच्यात हे बसत नव्हतं.

‘प्रमोद, तात्यांच्या तब्येतीचा भरवसा नाही.’

‘म्हणून तर, ताई. त्यांनी जन्मभर उपरण्याखाली बोटं दाबली, मला कधी एक भाव सांगितला न्हाई. त्यांना मी उघडा आकडा देऊ?’

कोड लिहायला तो काट्याच्या पाळीतून वेळ काढायचा. अडला की मला फोटो पाठवायचा. मला कळलं तर सांगायचे, नाहीतर आम्ही दोघंही अडलेले. शेवटचा भेटला तेव्हा खुशीत होता. म्हणाला, ‘आता निस्तं समोरच्याचं बोट ऱ्हायलंय.’

प्रमोदचं दिवसकार्य झाल्यावर मी त्याचा लॅपटॉप घरी आणला. मनाशी म्हटलं, एवढं तर आपण करू शकतो, शिकलो कशासाठी? त्याचं कोड वाचलं. उपरणं पसरतं तिथपर्यंत सगळं लिहिलेलं आहे. त्यापुढे काही नाही. फोन थरथरवणं मला जमेलही. पण समोरच्याने किती थांबायचं, कुठे दाबायचं, कुठे हात सैल सोडायचा... तात्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘ते सांगून येत न्हाई, पोरी. त्यो हात हातात असावा लागतो.’

तयार साच्यातच राहिला असता तर गेम पुरा झाला असता. कोणाच्या बोलण्यावरून तो नव्याने सुरू झाला हे मला माहीत आहे. तात्यांना आठवतही नसेल. त्यांना वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. तोंडाने त्यांना हे मी कधीच सांगणार नाही.

परवा घोडेगावला गेले तर बाजाराचा दिवस होता. तात्या टोपी घालून ओसरीवर. रस्त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. प्रमोदने नवा गेम, झाला होता तेवढा, त्यांच्या मोबाईलमध्ये घालून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. तात्या वाचत नाहीत, म्हणून बाजारातल्या सगळ्या माणसांचे आवाज त्याने स्वतःच काढलेत, म्हाताऱ्यांचे, बायांचे, चहावाल्याचा. मला दारातूनच ऐकू आलं... ‘या तात्या, बसा. जोडी बगितली का?’ प्रमोदचाच आवाज, थोडा घोगरा केलेला. मग पडद्यावर उपरणं पसरलं आणि सगळं थांबलं.

तात्यांनी त्यावर अंगठा दाबला. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ तसाच गेला. मोबाईल काढून घ्यावा असं एकदा मनात आलं, पण हात पुढे झाला नाही.

‘समोरचा अजून बोट दाबंना,’ तात्या म्हणाले. ‘पक्का हाय. दमानं घेऊ.’